नंदूचे कडक लंगोट

रविवार, ८ मे १९५५. मुलुंड.
नंदूचं बूड लाल झालंय. पाच महिन्यांचं पोर, सारखं किरकिरतं. लंगोटांचं डिपार्टमेंट वसुधाकडे आहे, घोळ तिथेच असणार. आजपासून ते मी हाती घेतलं. ऑफिसात माझ्या टेबलावर फाइल तुंबत नाही, मग घरात लंगोट का तुंबावेत? वसुधा लगेच हो म्हणाली. फारच लगेच.

सोमवार, ९ मे.
पहिली खेप धुतली. सोडा सढळ हाताने. मग माझ्या शर्टांबरोबर नीळ आणि भाताच्या पेजेची खळ. वाळल्यावर लंगोट जमिनीवर उभे राहिले. वसुधाने विचारलं, त्याला काय ऑफिसात जायचंय? बायकांना टापटिपीचं मोल नाही.

मंगळवार, १० मे.
टाइमटेबल लावलं. लंगोट बदलायचा तो सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. वरून मेणकापडाची चड्डी, म्हणजे गादी कोरडी. नंदूने टाइमटेबल पाळलं नाही. सवय व्हायला वेळ लागतो.

गुरुवार, १२ मे.
लाली मांड्यांपर्यंत आली, बारीक पुरळही दिसतंय. दात येत असावेत. किंवा वसुधाने परवा वांगं खाल्लं, ते बाधलं. मुलुंडचं पाणीही जड आहे. ओल्यावरच भरपूर पावडर थापली. तिचं पिठलं झालं.

शुक्रवार, १३ मे.
डॉक्टरकडे नेलं. त्यांनी लंगोट टेबलावर आपटून पाहिला. आवाज आला. म्हणाले, खळ बंद, सोडा बंद, मेणकापड फेकून द्या. साबण पार निघेपर्यंत लंगोट साध्या पाण्यातून काढा आणि उन्हात वाळवा. ओला झाला की तेव्हाच बदला. कोमट पाण्याने धुऊन, हलकेच टिपून झिंकचं मलम लावा आणि बराच वेळ उघडं ठेवा. पुरळ पिकलं किंवा ताप आला, तर लगेच घेऊन या.

डॉक्टर अजून तरुण आहेत. घरी आल्यावर मी वसुधाला समजावलं की खळ म्हणजे शेवटी भातच, आणि भाताने कधी कुणाला काही झालंय का? ती म्हणाली, असं असेल तर रविवारी मी नंदूला घेऊन कांदिवलीला आईकडे जाते, बरा झाला की येईन.

नंदू नसलेल्या घरात मला करमायचं नाही.

शनिवार, १४ मे. सकाळी आठ.
काल रात्री युक्ती सुचली. खळ निर्दोष आहे हे सिद्ध केलं की त्यांचं जाणं रद्द. जुनी चादर फाडून माझ्या मापाचा लंगोट केला होता, त्याला कडक खळ दिली. तोच घालून ऑफिसला निघतोय. एकदम झकास वाटतंय.

साडेअकरा.
साहेब बसा म्हणाले. उभाच राहिलो. उकाडा फार आहे, त्यात खळीचा काय दोष?

संध्याकाळी.
स्टेशनपासून घरापर्यंत पाय फाकवून आलो. वसुधाने दार उघडलं, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. मग मलमाची डबी काढून दिली.

रविवार, १५ मे.
वसुधा गेली नाही. म्हणाली, एकाला घेऊन गेले असते, दोघांना कुठे नेऊ? म्हणजे माझी युक्ती सफळच झाली.

दार लावून आतल्या खोलीत नंदू आणि मी चटईवर पालथे पडलोय, मलम लावून. त्याची लाली बरीच उतरलीय. शुक्रवारपासूनच वसुधा मला न सांगता डॉक्टरांचं सगळं करत होती. आज तो हसतोय. फार बरं वाटलं.

खिडकीबाहेरच्या दोरीवर नंदूचे नवे लंगोट वाळताहेत. अगदी मऊसूत. काठ ओळखीचा वाटला, म्हणून मान वळवून नीट पाहिलं. माझं सणासुदीचं मलमलचं धोतर.

जाब विचारायला उठणार होतो. उठवेना. तेवढ्यात वसुधाने त्याच धोतरातला एक मोठा तुकडा आणून माझ्या उशाशी ठेवला.