दोऱ्याचे माप

भिसेगाव, कर्जत
ता. ९ डिसेंबर १९३४

चि. सौ. मथुरेस आशीर्वाद.

तुझ्या लग्नानंतर या घरात तुझे नाव घ्यायचे नाही, असे मी बजावले होते. तुझ्या आईने ते पाळले, असे तिच्या मरणापर्यंत समजत होतो. गेल्या महिन्यात तिच्या पेटीत क्रोशाची सुई, पिवळ्या लोकरीचे अर्धे टोपडे आणि तुझी चिठ्ठी सापडली. चिठ्ठीला दोरा गुंडाळलेला होता. वर तारीख आणि खाली ‘बाळाच्या डोक्याचे माप,’ एवढेच तू लिहिले होतेस.

ते टोपडे पुरे करायचे मी ठरवले. शेजारच्या इंदूबाईंनी टाके शिकवले. “अण्णा, सुई हाय ती, लिवायचा टाक नाय! जरा हलकी धरा,” म्हणून त्या रोज हसत. चुकलेला प्रत्येक फेर मी उसवून पुन्हा घातला. काल टोपडे दोऱ्याशी अचूक जुळले, तेव्हा ते अभिमानाने त्यांना दाखवले.

“झ्याक झालं. पन पोर आता केवढं हाय?”

चिठ्ठीवरची तारीख मला पाठ होती. तीन वर्षांत डोके वाढते, हे मात्र ध्यानात आले नव्हते.

टोपडे पुन्हा टाळूपर्यंत उसवून ठेवले आहे. लोकर पुष्कळ आहे. कुठे थांबायचे, ते ठाऊक नाही. नातू आहे की नात, हेही ठाऊक नाही.

याआधीची दोन पत्रे टाकण्याचे धैर्य झाले नाही. ती तुझ्या आईच्या पेटीतच आहेत. हे पोहोचलेच, तर दोरा पाठवू नकोस. माप द्यायला बाळालाच घेऊन ये.

तुझे,
वडील