श्वासयंत्राच्या पॅकेजचा परवाना

ती. ताईस, छुन-आनचा नमस्कार.

फोन तू उचलत नाहीस, ईमेलला उत्तर नाही, म्हणून हा कागद. गुडघा कसा आहे? तैतुंगची हवा मानवली का? इकडे चियायीत आई ठीक आहे. (म्हणजे सकाळी मरणाची भाषा करते आणि दुपारी टर्की-भात पुन्हा वाढून घेते.)

मी हल्ली काय करतो असं कोणी विचारलं की आई सांगते, "दुसऱ्याने लिहिलेलं फुकट बांधतो आणि फुकट पाठवतो." यात खोटं काही नाही. सध्या मी दाजींची सॉफ्टवेअर-लायब्ररी बांधतोय. रागावू नकोस, पुढे वाच. श्वासयंत्रातले आकडे घरच्या संगणकावर दाखवणारी, त्यांनी तुमच्या आ-लुनसाठी सी भाषेत लिहिलेली तीच, आणि तिच्यासोबतची छोटी अवजारं. लिनक्सच्या भांडारात ती गेली की कोणालाही एका आज्ञेत बसवता येईल. आज लोक ती कुठून कुठून उतरवून घेतात आणि संगणक अद्ययावत केला की ती बंद पडते. ताइनानच्या शिएबाईंचा मुलगा घरी यंत्रावर आहे. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे ती अशीच बंद पडली आणि बाई उशाशी बसून त्याचा श्वास मोजत राहिल्या.

भांडारात शिरणं मात्र सोपं नाही. पॅकेज नाना जातींच्या संगणकांवर बांधून दाखवावं लागतं. त्यातली एक जात आता फिनलंडमधल्या एका गृहस्थाच्या तळघरातच उरली आहे, आणि गृहस्थ मासे धरायला गेले की जग थांबतं. ते परतले, पॅकेज बांधलं गेलं, तर तपासणाऱ्या गेर्लिंडेबाईंनी परत पाठवलं. (बाई सभ्य आहेत. नकारासोबत आईच्या तब्येतीची चौकशी करतात.) म्हणाल्या, परवाना कुठेच लिहिलेला नाही, लेखकाची लेखी संमती आणा.

लेखक आ-लुन गेल्यापासून पुलीच्या डोंगरात मुंडण करून बसलेला. गेलो. दाजी मठाच्या स्वयंपाकघरात बांबूचे कोंब सोलत होते. मी दाजी म्हणून हाक मारली.

"इथे दाजी कोणी नाही," ते म्हणाले. "त्याचं होतं ते सगळं सुटलं."

"प्रताधिकार सुटत नाही. कायद्यात तशी सोय नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "कायदा फारच चिवट दिसतो," म्हणाले, आणि माझ्या हातात सुरी दिली. टोपली संपेपर्यंत मी कोंब सोलले. मग त्यांनी हात पुसून जुन्या नावाने सही केली. आ-लुनचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही. निघताना म्हणाले, "गुडघा सांभाळायला सांग." कोणाला, ते बोलले नाहीत.

तर असं सगळं मार्गी लागलं आहे. प्रकृतीस जप.

तुझा धाकटा,
छुन-आन

ता. क. आईने सुकवलेला मुळा पाठवला आहे. खारट आहे, तिला सांगू नकोस.

ता. क. २. सगळं मार्गी लागलेलं नाही. दाजींनी एक फाइल सोडून सही केली. इशाऱ्याच्या आवाजाची. म्हणाले, "ती माझी नाही, तिची आहे." यंत्राच्या किंकाळीने आ-लुन दचकायचा म्हणून तू तो हलका, गुणगुणल्यासारखा आवाज लिहिला होतास, हे मला माहीतच नव्हतं. तुझी संमती हवी आहे. सोबतच्या कागदावर सही कर. नसेल करायची तर राहू दे, मी दुसरा आवाज लिहीन. (एक लिहिला. शिएबाईंचा मुलगा रडायला लागला.)

ता. क. ३. त्या फाइलीत सर्वांत वर तुझा शेरा आहे: 'हळू. आत्ताच झोपलाय.' प्रोग्रामला त्याची गरज नाही. पण सही केलीस तर तो शेराही सगळीकडे जाईल. ठेवू की काढू, तेवढं मात्र फोनवर सांग.