अर्धा कोयता

५ ऑक्टोबर, सिरसाळा
गणेशच्या वडिलांना पक्षाघात झाला. उजवे अंग गेले. माझी नात शीतल दोन वर्षे गणेशला भेटते, हे घरात सर्वांना ठाऊक आहे आणि कोणीही उच्चारीत नाही. तिचे नर्सिंग पूर्ण झाले की मी स्वतः बोलणी करणार होतो. मुलगा मला आवडतो. वाक्य पूर्ण करून बोलतो. हे हल्ली दुर्मिळ.

८ ऑक्टोबर
गणेशची आई आली. उंबऱ्याबाहेरच उभी. नवऱ्याला अंथरुणावर टाकून तिला ऊसतोडीला जाता येत नाही. आता गणेशने जायचे. परंतु टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाला तिने पूर्ण कोयत्याचा शब्द दिलेला.
“गुर्जी, एकट्याला अर्धा कोयता म्हणत्यात. त्याला कुणी उभं करीत न्हाई. दिवाळीच्या आत लगीन लावा, न्हाईतर माझ्या भावाची पोरगी तयार हाय.”
चहा घेतला नाही.

९ ऑक्टोबर
चिरंजीवांचे मत: देऊन टाकावी. गावभर बोभाटा झालाच आहे, पुढे कोण विचारणार? मी म्हणालो, तिचे शेवटचे वर्ष आहे. उत्तर: “आबा, शिकलेल्या पोरीला ऊस चावतो का?” सूनबाई हसल्या. मग पदर डोळ्यांना.

११ ऑक्टोबर
गणेशला बसस्थानकावर गाठले. एकाच हंगामाचा प्रश्न आहे, म्हणाला. त्याची आईही प्रथम एकाच हंगामासाठी गेली होती. हे त्यानेच मला पूर्वी सांगितलेले. तसे म्हणालो. त्याने मान खाली घातली. बस आली, गेली, चढला नाही.

१३ ऑक्टोबर
शीतल अंबाजोगाईहून आली. जेवली नाही. माझ्या खाटेशी बसून म्हणाली, “आबा, माझ्यानं न्हाई म्हणवत न्हाई. तुमी म्हणा. तुमचा राग करील त्यो, माझा न्हाई करणार.”
मान्य केले. नकाराची वाक्ये रचून पाहिली. एकही सभ्य होईना.

१५ ऑक्टोबर
गणेशची आई उत्तरासाठी आली. आज आत येऊन बसली. पाणी शीतलनेच दिले. मी घसा साफ केला, तोच ती त्या बाईशेजारी टेकली. “मावशी, हात द्या.” चारा कापताना तळव्याला झालेली जखम चिघळलेली. कोमट पाणी आणून धुऊ लागली, सावकाश, शिकविल्याप्रमाणे.
ती बाई माझ्या तोंडाकडे पाहत होती. शीतल पाहत नव्हती. नकाराचे पहिले वाक्य मी अद्याप…