धानातला ताप

कुही, ऑक्टोबर १९७९

प्रिय सुभद्रा,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, उत्तर द्यायला हात उचलत नव्हता. कोराडीत क्वार्टर मिळालं हे वाचून जीव थंड झाला. धुतलेले कपडे वीज केंद्राच्या राखेने मळतात म्हणतेस, मळू देत बाई.

इथे धान निसवलं आहे, लोंब्या बाहेर आल्या आहेत. पीक चांगलं आहे, पण त्याचं कौतुक करायला गावात कोणाचं मन उरलेलं नाही. शेजारच्या इंदुताईंचा लहाना गेला. डोकं दुखतं म्हणून शाळेतून घरी आला, रात्रभर तापला आणि सकाळी झटके सुरू झाले. मान लाकडासारखी ताठ. बाहेरचं असेल म्हणून कोणी लिंबू उतरवलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मग तळ्याकडच्या मोहल्ल्यात आणखी दोन लेकरं गेली.

नागपूरहून डॉक्टर आले, सगळ्यांचं रक्त घेऊन गेले. हा मेंदूज्वर आहे, म्हणाले. बगळ्यांच्या, डुकरांच्या अंगात असतो, डास तो माणसांत आणतात, आणि डास वाढतात धानाच्या पाण्यात. यावर औषध कोणतं, असं तुझ्या बाबांनी विचारलं, तर औषध नाही, लेकरांना मच्छरदाणीत निजवा, एवढंच म्हणाले. तेव्हापासून धानाच्या बांधीत बगळा उतरला की मी त्याला हाकलायला धावते.

तुला कळवलं नव्हतं, आपल्या गोपिकालाही ताप आला होता. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढलं, तेव्हा तिला मीच धरून होते. खाटा पुरत नव्हत्या, खाली सतरंजीवर लेकरं होती. शेजारचं एखादं लेकरू रडायचं थांबलं की सगळ्या माया एकदम तिकडे बघायच्या. गोपिका वाचली. डोळे उघडून बराच वेळ तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू कोन वं बाई?"

आता घरी आणली आहे. भरवलं की खाते. उजवा हात उचलत नाही. तिची बहीण कोराडीला असते, हे मी तिला रोज सांगते.

हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे. पुढच्या आठवड्यात ते तुला न्यायला येणार आहेत. पहिलं बाळंतपण माहेरीच, यावर अडून बसले आहेत. मी नको म्हटलं तर म्हणाले, "पोरीले काहून टाळून राहिली? लोक काय म्हणतील?" पोटातल्या बाळाला या तापाने काय होतं, मी त्या डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनाही ठाऊक नाही. तू येऊ नकोस, सुभद्रा. बसचा प्रवास झेपत नाही म्हण, जावई सोडत नाहीत म्हण, काहीही म्हण. बाबा रागावतील, तुझ्या डोळ्यांत पाणी येईल. तरी त्यांना पोटभर जेवू घाल आणि एकट्यालाच परत पाठव.

तुझीच,
माय