खाण कोणत्या बाजूला होती

ता. ४ डिसेंबर

चि. भुंग्यास,

अ. उ. आशीर्वाद. ते सवयीने लिहिले गेले, नाहीतर आज तुझा कान धरायची इच्छा आहे.

आज मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत तुमच्या नकाशा कार्यालयाचा दाखला नाचवला. शाळेची नवी इमारत आहे तिथे पूर्वी टेकाड होतं, जमीन पक्की आहे, वर मजला चढवायला हरकत नाही, असं त्यात लिहिलंय. खाली सही कोणाची, तर माझ्या सख्ख्या भावाची.

अरे, टेकाड कुठलं? तिथे दगडाची खाण होती. हे उपनगर वसायच्या आधी आपण रेल्वेपलीकडच्या दोन खोल्यांत राहायचो, तेव्हा शाळेतून येताना वाट वाकडी करून खाणीतलं पाणी बघायला जायचो. एकदा तू काठावरून घसरलास. मी दप्तराचा पट्टा धरून तुला वर ओढलं आणि घरी आईने मार मलाच दिला. टेकाड होतं ते रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, आता बाग आहे तिथे. तेच फोडून खाणीत लोटलं आणि वर शाळा बांधली.

माझ्या वर्गाच्या भिंतीला तडा गेलाय, त्यात खडू मावतो. दार लागत नाही. नाताळची सुट्टी संपली की वरच्या मजल्याचं काम सुरू, आणि त्याच्या खाली माझी तिसरीची मुलं बसणार. तो दाखला मागे घे. विचार करतो, बघतो, असलं काही मला लिहू नकोस.

आई बरी आहे, तुझी आठवण काढते. तिचा लोभ आहेच. माझं तुझ्या उत्तरावर ठरेल.

ताई


ता. ९ डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र ऑफिसात उघडलं ही चूक झाली. माझा चेहरा बघून शेजारच्याने घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

ताई, दाखला मी मनाने लिहिलेला नाही. जुन्या नकाशावर ‘खाण’ एवढाच शब्द रस्त्यावर आडवा लिहिलाय, कुठल्या बाजूला ते कळत नाही. पण उपनगर वसण्यापूर्वी विमानातून घेतलेला फोटो आमच्याकडे आहे. असे फोटो खरं तर जोडीने बघतात, दोन डोळ्यांना दोन, म्हणजे उंचसखल जमीन उठून दिसते. या जोडीतला एक वाळवीने खाल्ला. उरलेला मात्र अगदी स्वच्छ आहे. शाळेच्या जागी उंचवटा आहे आणि खड्डा आहे तो बागेच्या बाजूला.

तुझ्या मनात बाजूंची अदलाबदल झाली आहे, इतकंच. यात तुझा दोष नाही. इथे कितीतरी जुने रहिवासी येतात, शपथेवर सांगतात, आणि फोटो बघून गप्प होतात. लहानपणी सगळंच मोठं आणि खोल वाटतं. मला त्या दिवसाचं म्हणशील तर आईचा आवाज तेवढा आठवतो.

फोटोची नक्कल सोबत आहे, शाळेची जागा तीवर लाल शाईने दाखवली आहे. उत्तर दिशा वर ठेवून शांतपणे बघ. आईला नमस्कार.

तुझा लोभ रागाच्या पोटात का होईना, असू दे.

तुझा भाऊ,
साहाय्यक नकाशाकार


ता. १३ डिसेंबर

चि. साहाय्यक नकाशाकारांस,

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. घरच्या पत्राखाली हुद्दा लिहितोस? आणि शांतपणे बघ म्हणून मला शिकवतोस? माझी समजूत घालायला मी तुमच्या खिडकीवर आलेली कोणी रहिवासी नाही. तुला ओढून काढताना माझ्या कोपराची साल निघाली होती, ती काय उंचवट्यावर?

तुझा फोटो मी पाकिटातून काढलासुद्धा नाही. वर्ग आजपासून व्हरांड्यात बसवलाय. मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितलाय. भाऊ सही करून जमीन पक्की म्हणतो आणि बहीण अफवा पसरवते, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. सगळे हसले. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघून त्यांना वाटलं मी वरमले.

आई विचारत होती भुंग्या काय म्हणतो. मी सांगितलं, आपल्या घरचं त्याला काही आठवत नाही.

लोभाचं आज काही लिहीत नाही.

ताई


ता. १६ डिसेंबर

चि. भुंग्यास,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. आशीर्वाद मागाहून.

मधल्या सुट्टीत खुलासा लिहायला बसले. त्यात फोटोचा उल्लेख करायचा म्हणून तो शेवटी काढला आणि तुझ्या हुकमाप्रमाणे उत्तर वर ठेवून टेबलावर पसरला. खोटं कशाला बोलू, शाळेच्या जागी टेकाडच दिसलं. अगदी गरगरीत. वाटलं, खरंच आपलं डोकं फिरलंय.

समोर चित्रकलेच्या बाई डबा खात होत्या. एवढ्या मोठ्या खड्ड्यावर कोणी शाळा बांधली, असं त्यांनी सहज विचारलं. कुठला खड्डा म्हणून मी विचारलं, तर त्यांनी बरोबर शाळेवर बोट ठेवलं. मी उठले, टेबलाला वळसा घालून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. खाण, भुंग्या! कडा, पायवाट, तळाचं काळं पाणी, सगळं. आणि बागेच्या जागी टेकाड.

बाई म्हणाल्या, उजेड वरून येतो अशी आपल्या डोळ्यांना सवय असते. फोटोत सावल्या उत्तरेकडे पडल्यात, म्हणजे सूर्य दक्षिणेला आहे. उत्तर वर ठेवली की उजेड खालून येतो, मग डोळे फसतात आणि खड्डा उंच दिसतो, उंच असेल ते खोल. चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला शिकवतात म्हणे.

आणि तुम्ही नकाशेवाले! नकाशाला उत्तर वर म्हणून फोटोलाही उत्तर वर. कधी कोणी टेबलाच्या पलीकडे जाऊन उभं राहिलं नाही? आत्ताच्या आत्ता फोटो फिरव.

ताई


ता. २० डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. तुझं पत्र उभ्याउभ्या वाचलं आणि फोटो फिरवला.

साहेब म्हणाले, सुधारित दाखला काढू, कारणात ‘तांत्रिक फेरतपासणी’ लिहू, कोणाचं नाव यायला नको. मी नाही म्हणालो. फोटो मी चुकीच्या बाजूने पाहिला, असं लिहून सही केली. दाखला रद्द झालाय, शाळेला आणि बांधकाम खात्याला माणूस पाठवून कळवलंय. आता माझी चौकशी होईल, होऊ दे.

ताई, तुझंच खरं होतं. फोटोत इतकं स्पष्ट दिसतंय की आता कोणी तुला खोटं ठरवू शकणार नाही. मला माफ कर. आईला यातलं काय सांगायचं ते तूच ठरव.

लोभ मागायचं तोंड नाही, तरी मागतो.

तुझा भुंग्या


ता. २६ डिसेंबर

चि. भुंग्यास,

अ. उ. आशीर्वाद, या वेळी मनापासून.

बांधकाम खात्याचे इंजिनियर आले. आधी दाखला होता म्हणून त्यांनी जमीन खणून पाहिलीच नव्हती. आता माझ्या वर्गाबाहेर खणलं, तर टेकाडाची माती वीतभरच, तिच्याखाली राडारोडा, टायर, कुजलेली लाकडं, आणि त्याखाली पाणी. वरचा मजला रद्द झाला, इमारतीला कुलूप लागलं. मुख्याध्यापक माझ्याशी फार गोड बोलतात, ते मला सहन होत नाही. तू साहेबांचं ऐकलं नाहीस हे आईला सांगितलं. तिने तू कधी येणार ते विचारलं.

पण माझा राग गेलेला नाही, आणि तो का गेला नाही हे तुला कळायला हवं. फोटोत स्पष्ट दिसतंय म्हणून माझं खरं, असं तू लिहिलंस. फोटो उलटा होता तेव्हा तू फोटोवर विश्वास ठेवलास. सुलटा झाला तेव्हाही फोटोवरच. मी पहिल्या पत्रापासून एकच गोष्ट सांगत होते, आणि तू माझ्याबरोबर तिथे होतास. चित्रकलेच्या बाई त्या दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या असत्या, तर त्यांनाही टेकाडच दिसलं असतं, आणि सुट्टी संपताच माझ्या मुलांच्या डोक्यावर विटा चढल्या असत्या.

लोभ आहे, तो कुठे जात नाही. विश्वासाचं काय, ते तू कळव.

ताई