‘पारंपरिक’ हा शब्द काढून टाकण्याबाबत

मी, गहिनीनाथ आश्रुबा पोकळे, वय पंचवीस, शिक्षण सातवी (परीक्षेला बसलो नाही), मूळ राहणार बेलवस्ती, ता. आष्टी, जि. बीड, सध्या मुक्काम बेंगळुरू, धंदा कार्यक्रमांच्या साउंडचे काम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी शुद्धीत आहे. आज ताप नाही, नशापाणी केलेले नाही, आणि माझा हात धरून कुणी लिहवून घेत नाही. उलट वॉर्डातली सिस्टर दोनदा झोप म्हणून सांगून गेली. डॉक्टरांचा दाखला शेवटी टाचला आहे.

लिहिण्याचे कारण असे की, लहानपणच्या तापाने माझ्या हृदयाची एक झडप खराब झालेली आहे आणि परवा, १४ तारखेला, ती बदलायची आहे. सही घेताना डॉक्टर म्हणाले, बहुतेक माणसे उठतात. बहुतेकमध्ये मी आहे की नाही ते त्यांना सांगता आले नाही. म्हणून आधी हे.

१. बेलवस्तीच्या माळावरच्या वडिलोपार्जित जमिनीत माझा जो हिस्सा येतो तो आई मुक्ताबाई हिने तिच्या हयातीत कसावा. तिच्यामागे तो माझी वहिनी शिवकन्या हिच्या नावे व्हावा. थोरला भाऊ उत्तरेश्वर याच्या नावे नाही. दादाने राग मानू नये. त्या माळावर हुलग्याशिवाय काही येत नाही हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण सातबाऱ्यावर वहिनीचे नाव लागेल. जिथे लागायला पाहिजे होते तिथे ते लागले नाही, आणि त्याला कारण मी आहे. ते चौथ्या कलमात येईल.

बँकेत जे काही असेल ते आईचे.

२. माझे मीटर, सोल्डरिंग आयर्न, टेपचे रोल आणि केबलची पेटी म्हाळू हाके याला द्यावी. म्हाळू सांगोल्याकडचा, माझ्याबरोबर काम करतो आणि माझ्या खोलीत राहतो. अट एकच. केबल कोपराभोवती गुंडाळू नये. आतली तार पिळून मोडते. हातात सैल वेटोळी घ्यावीत, एक सुलट, एक उलट. हे त्याला चार वर्षे सांगतोय. आत्ता हे कलम वाचून दाखवले तर म्हणाला, “मेल्यावर बी शिकवणार का बे?” हो, शिकवणार.

३. माझा मोठा हेडफोन वहिनीला द्यावा. तो मी कुणाला हातही लावू देत नव्हतो. तिने तिचे रेकॉर्ड झालेले गाणे आजवर एकदाच ऐकले आहे, माझ्या फोनवर, आणि त्या फोनचा स्पीकर फाटलेला होता. तिने ते दोन्ही कानांनी ऐकावे.

४. आता गाण्याचे. हे कलम लांबेल, त्याला इलाज नाही.

२०१३ च्या दुष्काळात आमच्या गावच्या दूध संस्थेने माळावर जनावरांची छावणी चालवली होती. माणसांनीही जनावरांसोबत तिथेच राहायचे. आमच्या घरून मी आणि वहिनी राहिलो, कारण दादा पाण्याच्या टँकरवर होता आणि आई-बाप घर सांभाळत होते. वहिनी त्याच वर्षी लग्न होऊन आलेली, माहेर माजलगावकडचे, धरणाच्या कालव्याखालचे, शिक्षण बारावी. छावणीत जनावरांना जो ऊस यायचा तो तिच्या माहेराकडूनच यायचा. ट्रक आला की ती उसाचा वास घ्यायची.

आमची जनावरे सहा होती आणि छावणीत एका घराची पाचच घेत. सहावी तांबडी नावाची म्हातारी गाय. दाखल करायच्या दिवशी मी जनावरांच्या कानात बिल्ले मारून घ्यायला पुढे गेलो होतो, तेवढ्यात दादाने फाटकाबाहेर तिचे दावे सोडले. गाय गेली नाही. कुंपणाच्या पलीकडे, जिथून आमची पाच दिसत होती तिथे, ती तीन दिवस उभी राहिली. वहिनी आतला ऊस लपवून तिला टाकायची. चौथ्या दिवशी ती तिथे नव्हती. घरात कुणी विचारले नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी वहिनीने चाऱ्याच्या चिठ्ठीमागे हे लिहिले:

दावं सोडलं, जा म्हणलं, तरी तू जाईना गं
मोकळा झाला गळा तरी मान उचलंना गं

पुढची तीन कडवी त्याच महिन्यात झाली. चारा मिळायला रोज एक चिठ्ठी असायची, बोटभर रुंद, एका बाजूला संस्थेचा शिक्का, मागची बाजू कोरी. वहिनी त्या कोऱ्या बाजूवर लिहायची. बाजेवर बसून नाही. शेण काढताना, ऊस तोडून टाकताना ओळ तोंडात घोळवायची आणि हात धुऊन मग लिहायची. लिहिलेलेही खोडायची. एका कडव्यात आधी ‘दुःख’ शब्द होता, तो खोडलेला चिठ्ठीवर दिसतो. मी म्हणालो होतो, ऱ्हाऊ द्या की वैनी, चांगला शब्द हाय. ती म्हणाली, “भावजी, आपणच दुःख म्हणलं की ऐकणारा मोकळा व्हतो. त्याला काय काम ऱ्हातंय मग?”

पुढे मी लई गाणी ऐकली. इंग्रजी, हिंदी, सगळ्या जातीची, स्पीकरपासून दोन हात अंतरावर उभा राहून. रडवणारी गाणी कशी बांधतात ते मला आता थोडे कळते. पण तो शब्द का खोडला हे तिला शेणाच्या पाटीशेजारी, कुणी न शिकवता कळले होते. माझ्या मते ती मोठी गीतकार आहे. सातवी न झालेल्याचे मत म्हणून ते सोडून देऊ नये.

सुनेने आपले गाणे मोठ्याने म्हणायची तेव्हा सोय नव्हती. म्हणून ती मला म्हणायला सांगायची. “तुमी म्हणा. माझं नाव घेऊ नका, घरात पंचायत व्हईल.” मी म्हणायचो. आजूबाजूच्या दावणीची माणसे ऐकायची, छबुबाई नावाची म्हातारी तर रोज मागायची. कुणी विचारले, कुणाचं रे हे, तर मी सांगायचो, “आमच्याकडचं हाय.” हा माझा शब्द. सगळे नुकसान या शब्दाने केले.

त्या चिठ्ठ्या, एकूण त्रेचाळीस, माझ्या पत्र्याच्या पेटीत गिटारच्या तारांच्या रिकाम्या पाकिटांत ठेवल्या आहेत. अक्षर वहिनीचे, शिक्का आणि तारीख संस्थेची. त्या सगळ्या वहिनीला परत कराव्यात. मी त्या सांभाळल्या असे कुणी म्हणू नये. मी त्या दाबून ठेवल्या.

५. सोळाव्या वर्षी मी घरातून निघालो, कारण मला एका जागी बसवत नव्हते. पुण्यात मांडववाल्याकडे स्पीकर उचलले, मग कौस्तुभ आगटे याच्या रॉक बँडबरोबर लागलो. चार शिकलेली पोरे, स्वभावाने चांगली. एका दुपारी कॉलेजच्या मैदानावर माईक तपासताना मी ‘हॅलो, हॅलो’ म्हणायच्या ऐवजी वहिनीच्या दोन ओळी म्हटल्या. गिटार लावत असलेला कौस्तुभ थांबला. त्याने विचारले, “कुणाचं रे हे?”

मी म्हणालो, “आमच्याकडचं हाय.”

तेव्हा खरे सांगायला काय झाले होते? वहिनीने नको म्हटले होते, हे एक. दुसरे असे की, त्या दिवसापासून पोरे मला चहाला त्यांच्यात बसवायला लागली. मी गाणे आणणारा झालो होतो. लिहिणारीचे नाव निघाले असते तर मी पुन्हा स्पीकर उचलणारा झालो असतो.

त्यांनी गाणे मोठे केले हे मान्य करतो. सुरुवातीला एकटी गिटार, हळू. दुसऱ्या कडव्यापर्यंत कौस्तुभ जवळजवळ बोलल्यासारखा म्हणतो. ड्रम येतात ते तिसऱ्या कडव्याला, आणि येतात तेव्हा छातीत आधी लागतात, कानात नंतर. पोरी मोबाईलचे दिवे वर करून रडायच्या. कुणाला सोडून गेलेला आठवायचा, कुणाला सोडलेली. ती गाय आहे हे सगळ्या मैदानात मला एकट्याला माहीत होते. कौस्तुभलाही नव्हते. त्याने ‘दावं’ कधी ऐकलेले नव्हते, म्हणून तो ‘दार सोडलं’ म्हणतो. मी दुरुस्त केले नाही.

२०१९ ला पुन्हा दुष्काळ पडला, पुन्हा छावणी लागली. मी गाणे फोनमध्ये घेऊन गावी गेलो, वहिनी खूश होईल म्हणून. ती गोठ्याच्या मेढीला टेकून, फोन कानाला लावून उभी राहिली. शेवटचे टाळ्यांचे आवाजही तिने संपेपर्यंत ऐकले. मग फोनवर गाण्याखाली लिहिले होते ते वाचले. ‘गीत: पारंपरिक’.

“भावजी,” ती म्हणाली, “पारंपरिक म्हंजी लिव्हणारं मेलेलं आसतंय ना?”

“तसं न्हाई वैनी.”

“मग कसं?”

तिने फोन पदराला पुसून परत दिला आणि पाण्याला गेली. त्या छावणीतल्या चिठ्ठ्या मी नंतर पाहिल्या. सगळ्यांची मागची बाजू कोरी आहे. त्यानंतर तिने एक ओळ लिहिलेली नाही.

पुण्याला येऊन मी कौस्तुभशी भांडलो. त्याची बाजूही लिहितो, कारण इथे खोटे लिहून उपयोग नाही. तो म्हणाला, “तूच सांगितलंस ना, तुमच्याकडचं आहे? आता गाणं काढणारी कंपनी पुरावा मागणार.” पुरावा माझ्या पेटीत होता. पण तो दाखवला असता तर वहिनीची सही लागली असती, दादाला कळले असते, आणि मी इतकी वर्षे काय केले हेही कळले असते. म्हणून मी पेटी उचलून बेंगळुरूला आलो. लोकांना वाटते मी तत्त्वासाठी काम सोडले. मी पळालो.

सबब माझी इच्छा अशी की, गाण्याखालचा ‘पारंपरिक’ हा शब्द जिथे जिथे आहे तिथून काढावा आणि तिथे लिहिणारीचे नाव घालावे. गाण्याचे जे काही मिळत असेल ते तिला मिळावे. ‘दार’च्या जागी ‘दावं’ म्हणावे. लोकांना कळले नाही तर विचारतील. हे सर्व कौस्तुभने पार पाडावे, त्याला मी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमतो.

६. संस्थेचे चेअरमन मोहनराव यांच्याविषयी माझ्या मनात अकरा वर्षे जे आहे ते असे. फाटकावर ते खुर्ची टाकून बसले होते आणि म्हणाले होते, “सहावं जनावर आत दिसलं तर पाची भाईर काढीन.” नियम वरून आला असेल, हे मला आता समजते. पण तोंड त्यांचे होते. आई सांगते की मोहनरावांना फोन लावला की आता हेच गाणे वाजते. त्यांना फार आवडते म्हणे. माझी एवढीच इच्छा की, संस्थेच्या वार्षिक सभेत आईने उभे राहून त्यांना सांगावे की गाण्यातली ती कोण आहे आणि कुठल्या फाटकाबाहेर उभी होती. त्यानंतर त्यांनी गाणे ठेवावे की काढावे ही त्यांची मर्जी. तिथे माझा राग संपला.

७. माझ्या दहाव्याला हे गाणे लावू नये. ते तांबडीचे आहे.

वरील मजकूर काल संपवला. आज सकाळी कौस्तुभ बसने आला. पाच वर्षांनी भेटला, वजन वाढले आहे. खाटेवर बसून त्याने सगळे वाचले. पाचव्या कलमाला थांबला आणि म्हणाला, “दावं म्हणजे?” मी म्हणालो, गाय बांधायचा दोर. त्याने खिशातून पेन काढले. मग म्हणाला, “नाव पूर्ण काय लिहायचं, ते त्यांनाच विचारू.”

फोन लावला. दादाने उचलला. मग मी दादालाच सगळे सांगितले, चिठ्ठ्यांसकट. मला वाटले आता शिव्या येतील.

“ठावं हाय मला,” दादा म्हणाला. “दार म्हणत्यात ते, पण गळा कुणाचा ते मला कळत न्हाई व्हय? दावं मीच सोडलं. तवा तिथं माझ्यासंगं तुझी वैनीच व्हती.”

“मग इतके दिस बोलला कावून न्हाईस?”

“तू कुठं बोलला,” दादा म्हणाला, आणि फोन वहिनीकडे दिला.

कौस्तुभने तिला नमस्कार केला, चूक झाली म्हणाला. ती हूं म्हणाली. त्याने विचारले, नाव काय लिहू?

“शिवकन्या.”

“पूर्ण नाव?”

“एवढंच पूर्ण हाय.”

मग मला म्हणाली, “भावजी, मृत्युपत्र लिव्हलं म्हणं तुमी. लिव्हा. पण पारंपरिक व्हायला आपल्याला लई येळ हाय आजून. मला बी आन तुमाला बी.” म्हाळूने फोन घेतला.

तेव्हा पाचव्या कलमात जिथे ‘लिहिणारीचे नाव’ म्हटले आहे, तिथे ‘शिवकन्या’ एवढेच वाचावे. पुढे-मागे कुणाचे नाव जोडू नये. बाकी सर्व कलमे कायम. शुद्धलेखन कौस्तुभने तपासले आहे, बोललेले मात्र बदललेले नाही. हे माझे पहिले मृत्युपत्र आहे. उठलो तर स्वतः फाडीन आणि पाचव्या कलमाचे काम स्वतः करीन. नाही उठलो तर हेच खरे धरावे.

लिहून देणार: गहिनीनाथ आश्रुबा पोकळे (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. म्हाळू धोंडिबा हाके (सही)
२. कौस्तुभ श्रीनिवास आगटे (सही)

ठिकाण: बेंगळुरू, पुरुष वॉर्ड, खाट नंबर नऊ
तारीख: १३ फेब्रुवारी २०२४

चौथ्या कलमातील गाण्याच्या दोन ओळी. गीत: शिवकन्या.