चार वायरी आणि सर

३ मार्च, सोमवार
सरांना, म्हणजे माझ्या वरच्या इंजिनिअरना, जाऊन आज सव्वा महिना. हॉस्पिटलचं अख्खं नेटवर्क आता माझ्या एकट्याच्या खांद्यावर. संकल्प: रोज लिहायचं, पुढे माझ्या जागी येणाऱ्याला मार्गदर्शन होईल. रोजनिशी कोणाला दाखवायची नाही.
तक्रार तशी डिसेंबरपासूनची, पण आज लेखी आली. खालच्या मजल्यावरचे स्कॅन वर डॉक्टरांपर्यंत पोचायला पंचवीस मिनिटं घेतात. दोन मजल्यांमध्ये चार वायरी. चौघींनी ओझं वाटून घ्यायचं. सर्व्हर रूममध्ये जाऊन पाहिलं तर तिसरीचा दिवा वेड्यासारखा लुकलुकतोय, बाकी तिघी ढिम्म.
निदान: वायर खराब. उद्या दहा मिनिटांचं काम.

४ मार्च, सकाळी ९.४०
वायर बदलली. जुनीवर सरांच्या अक्षरात ‘तिसरी’ अशी चिठ्ठी होती. नवीनवर मी माझ्या अक्षरात लिहिलं. दिव्याला फरक पडला नाही.
सरांची खुर्ची यंत्रांकडे तोंड करून होती. काल जाताना मी ती भिंतीकडे फिरवली होती. एसीचा वारा.

५ मार्च
तिसरी उपटून टाकली. सगळं ओझं पहिलीवर. पहिली उपटली तर चौथीवर. म्हणजे वायरीत काही नाही. जे आहे ते एका दिव्यातून निघून दुसऱ्यात शिरतंय. (हे वाक्य नंतर खोडायचं.)
खोलीत खोकल्याच्या गोळीचा वास. सर दिवसाला सहा चघळायचे. बायकोला सांगितलं तर म्हणाली, तुलाच सर्दी झाली असेल. सर्दीत वास येत नाही, हे तिला कोण सांगणार. मी नाही सांगितलं.

७ मार्च, शुक्रवार
वाईट दिवस. अपघाताचा पेशंट आला. सर्जन हात धुऊन तयार, आणि डोक्याचा स्कॅन चाळीस मिनिटं जिन्याखालीच. शेवटी स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरीणबाई स्वतः पेनड्राइव्ह मुठीत धरून तीन जिने चढल्या. पेशंट वाचला. बाई नंतर माझ्याकडे आल्या, नुसतं पाणी मागितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
मॅनेजरने कारण लेखी मागितलं. मी लिहिलं: पूर्वीच्या इंजिनिअरची सदोष मांडणी. खरंही असेल. शिवाय गेलेल्या माणसाला कसलं आलंय वाईट वाटणं.
पाठवल्यावर खुर्चीत बसलो नाही. उभं राहून काम केलेलं पाठीला चांगलं.

१० मार्च
मॅनेजरने रिपोर्ट मीटिंगमध्ये वाचून दाखवला. सर्व्हर रूमबाहेर सरांचा फोटो लावायचं ठरलं होतं, तो विषय तूर्त बाजूला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सर असताना एकही स्कॅन कधी अडकला नव्हता, अडकायला लागले ते सर आजारी रजेवर गेल्यापासून. मी म्हटलं, योगायोग. त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.
दुपारी सर्व्हर रूमच्या दाराशी गेलो. आतून खोकला आला. दोनदा. पंख्याचं बेअरिंग गेलं असणार. आत जाऊन खात्री करायची गरज वाटली नाही.

११ मार्च, दुपारी ३
संकल्प: घाबरायचं नाही, पहिल्यापासून वाचायचं. स्विचचं, म्हणजे चार वायरींत माल वाटणाऱ्या डब्याचं, पुस्तक उघडलं. सहाव्याच पानावर सापडलं.
पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता बघून स्विच वायर ठरवतो. आमचा सगळा माल मधल्या राउटरमधून येतो, त्यामुळे स्विचला कायम तेच दोन पत्ते दिसतात. पत्ते तेच, मग वायरही तीच. राउटरच्या मागच्या खऱ्या यंत्रांचे पत्ते बघ, असं सांगणारी एक ओळ स्विचच्या सेटिंगमध्ये लागते. ती आमच्याकडे नव्हती.
म्हणजे सर विसरले. रिपोर्ट बरोबर.
ओळ टाकली. चारही दिवे लुकलुकायला लागले. स्कॅन अर्ध्या मिनिटात वर. बायकोला फोन करून सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, येताना दूध आण.

१२ मार्च, सकाळी ११
सरांची चूक तारखेसकट रिपोर्टला जोडावी म्हणून स्विचची जुनी नोंद काढली.
ती ओळ सरांनी सहा वर्षांपूर्वीच टाकली होती. दोन डिसेंबरला कोणीतरी काढली. सर रजेवर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. काढणाऱ्याचं नाव: माझं.
वाटलं, माझ्या नावाने दुसऱ्याच कोणी. पण माझा पासवर्ड बायकोलाही माहीत नाही. मग आठवलं. कारभार हातात आला म्हणून साफसफाई केली होती. अर्थ कळेना त्या ओळी काढून टाकल्या होत्या.

दुपारी १
नवा रिपोर्ट. पहिल्या खर्ड्यात ‘मानवी चूक’. दुसऱ्यात ‘आमच्याकडून’. तिसऱ्यात ‘मी’. तिसरा पाठवला.

दुपारी ४
सरांच्या घरी काकूंना फोन केला. आधी तब्येत विचारली, मग पाण्याची टाकी, मग पुन्हा तब्येत. शेवटी सगळं सांगून टाकलं, रिपोर्टसुद्धा.
काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ओळीचं त्यांना माहीत होतं. पलंगावर लॅपटॉप घेऊन बघायचे ना. तुला तीनदा फोन लावला त्यांनी.”
मी तेव्हा उचलले नव्हते. वाटलं होतं, चुका काढायला करत असतील.
“मी म्हटलं, मॅनेजरला सांगा. तर म्हणाले, नको, पोराची नोकरी नवीन आहे. हुशार आहे, दोन दिवसांत सापडेल त्याला.” मग त्यांनी अगदी सहज विचारलं, “किती दिवस लागले रे?”
मी कॅलेंडरवर बोटाने मोजले. नव्व्याण्णव.
म्हटलं, “थोडे जास्त लागले, काकू.”